ओल्या पायांचं गाव

९ फेब्रुवारी २००२
योस फादर आज मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. म्हटलं, मी हिरा. बावीस वर्षं तुमचा स्वयंपाक करते. म्हणाले, बरं बरं, हिरा. पाच मिनिटांत परत तेच.
नवीन फादर वसईचे. जेवताना म्हणाले, बेल्जियमहून योस फादरांची भाची येतेय, त्यांना गावी न्यायचं म्हणते. "त्यांची मर्जी असली तर पाठवू. पण हिराबाई, मर्जी विचारायची कशी? त्यांना काही आठवत नाही."
त्या माणसाला गाव आठवत नाही म्हणे. वरणाचं पातेलं जरा जोरात ठेवलं.

१२ फेब्रु.
रोज दोन ओळी लिही, नाहीतर तिसरीपर्यंतचं शिकलेलंपण जाईल, हे योस फादरांनीच मला सांगितलेलं. मी लिहिते. ते विसरले.
त्यांचं गाव मला पाठ आहे. नाव तेवढं तोंडात बसत नाही. गावामागं नदी. घरोघरी जवस. आपण दाणे काढून चटणी करतो नि काड्या चुलीत घालतो. ते लोक त्याच काड्या लाकडी पिंजऱ्यात भरून, वर दगड ठेवून नदीत कुजवायचे. मग सोलून धागा, त्याचं कापड. उन्हाळाभर गावाला घाण वास. शेजारच्या गावचे नाक धरून म्हणायचे, आले ओल्या पायांचे. तर ह्यांनी तेच नाव मिरवलं. जत्रेला सगळं गाव आधी नदीत पाय बुडवणार आणि ओल्या पायांनी देवळापर्यंत चालणार. हट्टी लोक.
पहिल्या महायुद्धात गावात भिंत म्हणून उरली नाही. परत बांधलं ते हुबेहूब जुन्यासारखं. पाववाल्याचं दार वाकडं होतं, ते वाकडंच बसवलं. फादर म्हणायचे, आमचं चारशे वर्षांचं देऊळ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. दर वेळी सांगायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.
आता नाही सांगत.

२४ फेब्रु.
सिन्नरकडं, आमच्या गावी जाऊन आले. आक्काच्या हरभऱ्याच्या कडेला जवस असतं. झोडून झालेलं. काड्या मागितल्या.
आक्का : "चुलीत घालायच्या काड्या घेऊन नाशकाला चालली. लोक म्हनतील, हिरीचं डोकं फिरलं."
"फिरू दे. तू पेंढी बांध."
"त्या गोऱ्या म्हाताऱ्याचं गाव तुला पाठ हाय. आपल्या गावातली नवीन टाकी तरी पाह्यली का?"
नाही पाहिली. एसटीत कंडक्टर म्हणाला, मावशी, हे टपावर. मी मांडीवर घेऊन बसले.

२८ फेब्रु.
काल धुण्याच्या हौदात पेंढी बुडवली. वर दगड. झाडलोटीची मंदा विचारते, कपडे कुठं धुवायचे? म्हटलं, बादलीत.

४ मार्च
सुटला वास. नवीन फादर नाकाला रुमाल लावून आले.
"हिराबाई, उंदीर मेलाय का कुठं?"
"जवस कुजतंय."
"कशाला?"
"तुम्हाला योस फादरांना विचारायचंय ना? विचारतेय मी."
काही कळलं नाही त्यांना. तिकडचं जे आहे ते इथंही आहे, मग म्हाताऱ्याला उगाच विमानात कशाला कोंबायचं, एवढंच माझं म्हणणं. तोंडानं सांगितलं तर कोण ऐकतंय.

५ मार्च
भाची आली. उंच, पन्नाशीची, केस पांढरे, काळे करत नाही. योस फादरांनी तिला हात जोडून मराठीत "बसा" म्हटलं. गावचे फोटो दाखवले तिनं. त्यांनी नीट बघितले आणि नीट रचून परत दिले. बाई व्हरांड्यात जाऊन रडली. चहा नेऊन दिला. काय बोलणार, तिला मराठी नाही, मला इंग्रजी नाही.

६ मार्च
सकाळी त्यांना हात धरून हौदाकडं नेलं. भाची नि नवीन फादर मागं. दहा पावलं अलीकडं म्हातारा थांबला. नाक वर केलं. मग माझा हात सोडून एकटे गेले, काडी काढली, दोन अंगठ्यांत चोळली. साल सुटली नाही नीट. मला म्हणाले, "अजून दोन दिवस." मराठीत.
मग त्यांच्या भाषेत सुरू झाले. थांबेचनात. भाची तिथंच जमिनीवर बसली. तिनं नवीन फादरांना सांगितलं आणि त्यांनी मला: तिची आई कुठल्या घाटावर पाण्यात उभी राहायची, कुणाचे पिंजरे कुठं, सगळं. तिला स्वतःला माहीत नव्हतं ते.
नवीन फादर म्हणाले, "गाव आठवतंय की त्यांना. मग न्यायलाच हवं."
आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा. पोळ्या करपल्या आज.

७ मार्च
राहवेना. नवीन फादरांना मध्ये बसवून भाचीला विचारलं, नदीला अजून तसाच वास आहे का?
हसली. पन्नासेक वर्षं झाली, कुणी जवस कुजवत नाही. नदी स्वच्छ आहे, होड्या चालवतात. जत्रा आहे, ओल्या पायांनी चालतातही, पण देवळाच्या दारात टब ठेवतात. नळाचं पाणी.
मी म्हटलं, "मग ह्यांना न्यायचं कुठं?"
नवीन फादरांना म्हटलं, सांगा तिला. सांगितलं. बाईनं कप खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली, तिथं त्यांची भाषा बोलणारी माणसं आहेत.
बावीस वर्षांत त्यांच्या भाषेतला एक शब्द मी शिकले नाही. त्यांनी माझी सगळी शिकली.

८ मार्च
दोन दिवस झाले. सगळं विसरणारा माणूस सकाळी स्वतः उठून हौदावर. चपला काढल्या, कडेवर बसून पाय आत. काडी सोलली. साल सरसर सुटली, लांब, पिवळी. माझ्याकडं अशी धरली, जशी मी चांगली भाकरी दाखवते.
मग उतरून चालू लागले, ओल्या पायांनी. भाचीनं बूट-मोजे काढले, त्या घाणीत पाय बुडवले आणि निघाली मागं. नवीन फादरांनी विचारलं, कुठं निघालात? म्हणाले, देवळात. इथल्या की तिथल्या, कुणी विचारलं नाही. मला हाक मारली योस फादरांनी, हिरा, चल. माझे हात कणकेचे.
तिकिटाचं सोमवारी बोलू म्हणाली भाची.
व्हरांडाभर दोघांची पावलं आणि वास. मंदा फडकं घेऊन आली. तिला म्हटलं, राहू दे. वाळतील.