ताईने दिलेला माणूस

अल्लीपूर,
२४ मार्च १९९६

चि. प्रेमदास यास ताईचा सप्रेम जय भीम व अ. आ., वि. वि.

नाटकाची वही मिळाली. रागावू नको, पण बायकोला मारणारा तुझा तो नवरा अगदीच बुजगावणं झाला आहे. दारू पितो, झिंगतो, डोळे वटारतो. लोक हसणारच! जो तो म्हणेल, मी कुठे असा?

त्याला दारू पाजू नको. लेकीसाठी आठवणीने चिवडा आणू दे, शेजारच्या मयतीला सगळ्यांत आधी धावू दे. लोकांना तो आवडला पाहिजे. मग मारण्याआधी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून ठेवावं, काच फुटू नये म्हणून. रेडिओ मोठा करावा. पदराखाली झाकेल तिथेच मारावं आणि नंतर शांतपणे ताट वाढायला सांगावं. शेजारचं ऐकून लिहिते आहे हो. तालमीच्या नादात उपाशी राहू नको. बहिणीवरची माया कमी होऊ देऊ नको.

तुझी ताई,
सुलोचना

आष्टी,
१६ एप्रिल १९९६

ती. ताईस धाकट्याचा सा. जय भीम, वि. वि.

ताई, जिंकलो! परवा जयंतीला तुमच्या गावात त्या नवऱ्याने घड्याळ काढलं आणि मंडपातलं खोकणंसुद्धा थांबलं. तुझी शेजारीण आनंदाबाई तोंडात पदर धरून रडली. शेवटी आभार मानताना मी माइकवरून अभिमानाने सांगितलं, की हा माणूस मला माझ्या ताईने दिला. गुलाबभाऊजी पहिल्याच रांगेत होते. गावचे मानकरी म्हणून शाल-नारळ घेतला, माझी पाठही थोपटली. तू मात्र न भेटताच काऊन निघून गेलीस? लेखिकाबाई, एवढा तोरा बरा नाही. चार ओळी टाकजो, तेवढाच माझा आहेर.

तुझा,
प्रेमदास

अल्लीपूर,
२ मे १९९६

चि. प्रेमदास यास जय भीम व अ. आ.

अक्षर मेघाचं आहे. माझा उजवा हात दोन जागी मोडला. शेजारचं म्हणून लिहिलं होतं, ते माझंच होतं.

नाटकाहून येताच यांनी शाल खुंटीला लावली, रेडिओ मोठा केला आणि घड्याळाला हात घातला. मग थांबले. स्वतःच्याच मनगटाकडे पाहत राहिले. मला वाटलं, सुटले. पण यावेळी त्यांनी घड्याळ काढलंच नाही. पहिल्यांदाच तोंडावर मारलं. काच फुटून गालात रुतली. मी खाली पडले, तर पाटा उचलून हातावर घातला.

दवाखान्यात गल्लीतली शकुंतलाबाई आली, यशोदाबाई आली. दोघींनी वेगवेगळं, हळूच विचारलं, की आमच्या घरचं तुह्या भावाले कोनं सांगितलं. ठाण्यात गेले, तर हवालदारानेही नाटक पाहिलेलं. बाई, हे तं तू नाटकातलंच सांगून राह्यली, म्हणून तो हसला आणि त्याने काही लिहून घेतलं नाही.

मला तुझा राग येतो, आणि तूच हवा आहेस. आनंदाबाईकडे आहोत. त्या घरी आता मी जाणार नाही.

तुझी ताई

ता. क. मामा, मी मेघा. आमाले न्याले लवकर येजो. आणि हे नाटकात टाकू नको.