निर्मळ या शब्दाची गोची

सातारा, मंगळवार, १९ जानेवारी १९९९

पवनचक्कीवाल्यांच्या जाहिरातीला ‘निर्मळ वीज’ हा मथळा मीच सुचवला. त्यांच्या मॅनेजरला ‘स्वच्छ’ पुरत होतं, पण मला संस्कृतची खाज. ‘निर्’ आणि ‘मल’ फोडून दाखवले, वर चहा त्याचाच प्यालो.

आज बातमीसाठी पठारावर गेलो. वस्तीवरच्या बापूंना मोठ्या कौतुकानं मथळा वाचून दाखवला. त्यांनी तांब्या पुढं केला. पाणी गढूळ, तळाशी तांबडी माती.

“प्या की. निर्मळ हाय.”

“बापू, झऱ्याचं पाणी असं?”

“आवं, तुमच्या पंख्यांचा रस्ता वरनं काढला. समदी माती झऱ्यात आली. म्हसरंबी त्वांड लावंनात. बाया आता लय लांबनं पाणी आणत्यात.”

कोळशापेक्षा हे बरं, मान्य. वारा फुकट, धूर नाही, हेही खरं. मग तेवढंच म्हणावं ना! गावं बुडवून केलेली धरणाची वीज तरी निर्मळ कुठली? ती तांबडी माती काही डोळ्यांपुढून जात नाही.

संध्याकाळी मॅनेजरला फोन केला. म्हटलं, मथळा बदला, ‘निर्धूर वीज’ करा. (शुद्ध रूप ‘निर्धूम’, पण आज शुद्धतेचा आग्रह मी कोणत्या तोंडानं धरू?)

“साहेब, आम्ही वीज विकतो, सरकारी निर्धूर चूल नाही!” तो हसत म्हणाला. “तुमचा ‘निर्मळ’ छापायला गेलासुद्धा.”

उद्या झऱ्याची बातमी पाठवतो. छापतील का, शंकाच आहे. पहिल्या पानावर पवनचक्कीवाल्यांची जाहिरात आहे.