उन्हाकडची बाजू

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आणि पोरींना आठवण सांग. दोन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट आधी उलटसुलट करून पाहिलं असशील. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. ठीक कसलं, झकास आहे! माझं यीस्ट जगलं, दादा. भर उन्हात जगलं!

तेच ते, सफरचंदाच्या सालीवर आधी जाऊन बसणारं आणि कुजवणाऱ्या बुरशीला जागाच न देणारं. प्रयोगशाळेत शेर, बागेत मात्र उन्हानं दोन दिवसांत गारद. आता आम्ही त्यात एक तपकिरी भुकटी कालवतो. कागद कारखान्यात लाकडाचा लगदा करताना उरते ती. ऊन भुकटी झेलते, यीस्ट सुखात राहतं.

यंदा मुद्दाम टळटळीत दुपारी फवारलं. तोडणीनंतर साठवलेले क्रेट काल उघडले. नुसत्या यीस्टची शंभरातली अडतीस फळं कुजलेली. भुकटीवाली? चार! आमचे साहेब कधी स्वतःच्या वाढदिवसालाही हसत नाहीत, ते चक्क टाळ्या वाजवत होते. मी शिट्टी मारली, तू शिकवलेली, दोन बोटांची.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

त्या वर्षी तुझ्या बागेत हेच यीस्ट फसलं, तेव्हा तू फळ हातात फिरवत म्हणालास, "धाकटे, हे बघ. उन्हाकडच्याच बाजूला कुजलंय. सावलीकडे डागसुद्धा नाही."

मी म्हणाले, "आधी तुझ्या पंपाचं तोंड तपास."

आणि अहवालात लिहून मोकळी झाले, की बागायतदाराने फवारणी नीट केली नाही. तो बागायतदार संघाच्या बैठकीत वाचला गेला, तू मधूनच उठून गेलास, हे वहिनीनं कळवलं होतं. तरी मी गप्प बसले. पण तुझं ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी त्याच्याच मागे लागले आणि इथवर पोचले.

नवा अहवाल सोबत आहे. पहिल्याच पानावर तुझं निरीक्षण, तुझ्या नावानं. त्याखाली माझी चूक, माझ्या नावानं. साहेब म्हणाले, "चूक तळटीपेत टाका की."

म्हटलं, "नाही साहेब, वरच राहू दे."

शनिवारी संघाच्या बैठकीत तो मीच वाचणार आहे. तू पहिल्या रांगेत बस. माफी तिथेच मागेन, सगळ्यांच्या देखत. मग घरी जेवायला येईन. वहिनीनं दार लावून घेतलं तर खिडकीतून येईन, पण येईन.

तुझ्यामुळे जिंकलेली,
तुझी धाकटी