ईस्ट कॉर्बीच्या डाव्या बाकांसाठी

मी, व्हर्ना एडिथ हॅझेल्टन, वय वर्षे ब्याऐंशी, पूर्वी शिक्षिका, आता नुसतीच म्हातारी, राहणार ईस्ट कॉर्बी, राज्य व्हर्मॉन्ट, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत आणि डावा कान तर केव्हाच गेला. पण कायद्याला डोके पुरते, असे आमचा गावकारकून ऑरिन पेल्की म्हणतो. "कोणाच्याही दडपणाशिवाय" हे शब्दही त्यानेच सांगितले. खरे म्हणजे दडपण आहे. ते लुसेट थिबोचे आहे, आणि ते कसे ते पुढे पाचव्या कलमात येईल.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते गेल्या गुरुवारचेच होते. ऑरिन म्हणाला, "बाई, जुनं फाडा आणि नवं सुटसुटीत लिहा, कारणं नकोत." कारणे दिल्याशिवाय मी जन्मात काही लिहिलेले नाही, तेव्हा त्याने माफ करावे.

कलम पहिले. देह. हिवाळ्यात मेले तर जमीन सैल होईपर्यंत थांबावे लागेल, थांबेन. कबरीवर कोणी भाषण करू नये. मी गावसभेत भल्याभल्यांना तीन मिनिटांवर बोलू दिले नाही, माझ्यासाठी नियम मोडायचे कारण नाही. नंतर सभागृहात हॅम, भाजलेले बीन्स आणि ॲपल पाय असू द्यावा. तो विकतचा नको.

कलम दुसरे. मागची मेपलची झाडे, रस आटवायचे गुऱ्हाळ आणि काहील माझा भाचा क्लेटन याला. काहील त्याने मागच्या मार्चमध्ये एकदा जाळली आहे. "आत्या, एक मिनिटच बाहेर गेलो होतो गं," असे तो आजही सांगतो. एका मिनिटात काहील जळत नाही, क्लेटन. तू फोनवर त्या बर्लिंग्टनच्या मुलीशी बोलत होतास. लग्न कर तिच्याशी, म्हणजे बोलणे आपोआप कमी होईल आणि पाक वाचेल.

कलम तिसरे. बँकेत जे काही शिल्लक असेल ते गावच्या रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवकांना. साखळीची करवत शेजारच्या पर्ली स्टोक्सला. तो ती दर शरदात उसनी नेतो आणि धार घालवून परत आणतो. आता तुझीच झाली, पर्ली, बस घासत.

कलम चौथे. भिंतीवरच्या, राष्ट्राध्यक्षांची चित्रे असलेल्या बशा गावच्या वाचनालयाला. ज्यांना वाटते की त्यातली पहिली बशी फुटली म्हणून भिंतीवर रिकामी जागा आहे, त्यांच्यासाठी सांगते, ती फुटलेली नाही. जॉर्ज वॉशिंग्टनची बशी कपाटात, तोंड आतल्या बाजूला करून ठेवली आहे. मीच ठेवली, चार वर्षांपूर्वी, गावसभेहून घरी आल्यावर. त्या माणसाकडे बघत मला जेवता येईना.

कलम पाचवे. हातोडी.

हे सगळे मृत्युपत्र या एका कलमासाठी आहे. आमच्या गावाला महापौर नाही. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गाव सभागृहात जमते, रस्त्यावरच्या खडीपासून शाळेच्या छपरापर्यंत सगळे तिथेच ठरते, आणि सभा चालवायला दर वर्षी आरंभी एक सभाध्यक्ष निवडतात. मी लागोपाठ सव्वीस वर्षे निवडून आले. हातोडी माझ्या वडिलांनी मेपलच्या लाकडाची करून दिली होती. ठराव वाचायचा, "बाजूने?" विचारायचे, मग "विरुद्ध?" विचारायचे, कुठला आवाज मोठा ते कानाने ठरवायचे आणि हातोडी आपटायची. डोंगरावरची कुटुंबे डाव्या बाकांवर बसतात, नदीकाठची उजव्या. असा काही नियम नाही. जिथे आजोबा बसले तिथे नातू बसतो, एवढेच.

माझा डावा कान हळूहळू जात होता आणि मला पत्ता नव्हता, असे मी बरेच दिवस म्हणत आले. थोडा पत्ता होता. टेलिफोन मी आपोआप उजव्या कानाला लावू लागले होते. पण सभाध्यक्षाला ऐकू येत नाही असे कोण कबूल करतो? ज्याला खुर्ची सोडायची असते तो.

चार वर्षांपूर्वी आमची गावातली शाळा बंद करायचा ठराव आला. मुले थोडी उरली होती, आणि ती सगळी डोंगरावरची. शिकवणारी मिरेल थिबो, माझ्या लुसेटची मुलगी. लुसेट माझी पहिलीपासूनची मैत्रीण. त्या दिवशी सकाळीसुद्धा तिच्याच चुलीपाशी बसून मी दोन डोनट खाऊन आले होते. मी "बाजूने?" विचारले, उजवीकडून आवाज आला. "विरुद्ध?" विचारले, डावीकडून मला कुजबुज ऐकू आली. हातोडी आपटली. "ठराव मंजूर."

लुसेट उभी राहिली. "व्हर्ना, अगं आम्ही केवढ्यानं ओरडलो! ऐकलं नाहीस का?"

"सभाध्यक्षांना उद्देशून बोला, श्रीमती थिबो."

"श्रीमती? सकाळी माझ्याकडे खाऊन आलीस आणि आता मी श्रीमती?"

लोक हसले, आणि माझे डोके फिरले. डोकी मोजून मतदान हवे असेल तर नियमाप्रमाणे सात जणांना उभे राहावे लागते. लुसेट एकटीच उभी होती. डाव्या बाकांवरचे बाकीचे माझे जुने विद्यार्थी. त्यांना नागरिकशास्त्र मी शिकवलेले, राज्यघटना मी पाठ करून घेतलेली, आणि बाईंच्या विरुद्ध उभे राहायचे नाही हेही त्यांना माझ्याकडूनच कळलेले असणार. ते खाली बघत बसले. मी म्हटले, "नियमबाह्य. बसा." ती बसली नाही, निघून गेली. जाताना सभागृहाचा दरवाजा तिने आपटला, आणि तो मात्र मला नीट ऐकू आला.

शाळा बंद झाली. मिरेल नोकरीसाठी दूर खोऱ्यातल्या गावी गेली. तेव्हापासून डोंगरावरची चिमुरडी माझ्या खिडकीसमोरच्या वळणावर, पुरते उजाडायच्या आत, बर्फात पाय आपटत पिवळ्या बसची वाट बघतात. मी कॉफी ओतत असते. त्यांच्याकडे बघताना मला माझीच लाज वाटते. चार हिवाळे झाले, सवय होईल असे वाटले होते, होत नाही.

त्या शरदात कानाच्या डॉक्टरने सांगितले की डावा कान काही वर्षांपूर्वीच गेलेला आहे. पुढच्या मार्चमध्ये मी सभेत उभी राहून सगळ्यांना ते सांगितले. लपवले नाही, एवढे माझ्या बाजूने लिहून ठेवते. पर्ली उजवीकडून ओरडला, "बरंच झालं बाई, निदान अर्ध्या गावाची कटकट तरी वाचली तुमची!" सभागृह हसले. आणि मग मला पुन्हा निवडून दिले, तेही आवाजी मतदानाने! मी "विरुद्ध?" विचारले. कानात नवे यंत्र होते. डाव्या बाकांवरची ती शांतता मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली. हातोडी खाली ठेवायची ती वेळ होती. मी ठेवली नाही. त्यानंतरही दर वर्षी उचलली.

आणि हे कोण करत होते? जी बाई उभा जन्म वर्गात एकच धडा जीव तोडून शिकवत आली ती. वॉशिंग्टनने लढाई जिंकली तेव्हा सैन्य त्याच्या शब्दावर होते. त्याने सेनापतिपद परत केले आणि शेतावर गेला. दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला, तिसऱ्यांदा लोक देत असताना नको म्हणाला. "मुलांनो, घेण्यात मोठेपणा नाही, परत देण्यात आहे." हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिले की आता ते आठवले तरी तोंड लपवावेसे वाटते.

म्हणून गेल्या गुरुवारी मी लिहिले होते: माझ्या मृत्यूनंतर हातोडी मिरेल थिबोला, आणि घरामागचे वरचे कुरण लुसेटला, फक्त शाळेसाठी वापरायच्या अटीवर. फार बरे वाटले लिहून. त्या रात्री गाढ झोपले.

काल दुपारी ऑरिन सहीसाठी आला. साक्षीदार दोन लागतात. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको येणार होती, तिला ताप आला. म्हणून त्या शहाण्याने टपालकचेरीत जी दिसली तिला गाडीत घातले. दार उघडले तर लुसेट. चार वर्षांनी माझ्या पायरीवर.

"कुठं सही करायची?" तिने विचारले. मला नाही, ऑरिनला.

मी म्हटले, "तुला साक्षीदार होता येणार नाही. ज्याला काही मिळायचं असतं त्यानं सही करायची नसते. तुझं नाव आहे आत."

"माझं? कशाला?"

"कुरण ठेवलंय तुला."

"मग खोड," लुसेट म्हणाली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली. "मला सहीच करायचीय. आण इकडे, वाचू दे."

तिने चष्मा लावून सगळे वाचले. पर्लीच्या करवतीपाशी हसली. पाचव्या कलमापाशी थांबली.

"हातोडी मिरेलला? आणि वारसानं? व्हर्ना, तू राणी आहेस का गं? सभाध्यक्ष गाव निवडतं."

"मला वाटलं, तेवढंच..."

"तुला वाटलं, मेल्यावर हातोडी सोडली की फिटलं. अगं, मेल्यावर कोण सोडत नाही? तो तुझा बशीतला माणूस, माझ्या पोरीला तू त्याचा धडा तीनदा लिहायला लावला होतास. तो मेला तेव्हा कुठं होता? खुर्चीत?"

"घरी," मी म्हटले. "खुर्ची सोडून दोनएक वर्षं झाली होती त्याला."

"मग?"

मी रडले. ऑरिन उठून खिडकीतून त्याची गाडी बघू लागला, जशी काही ती कोणी पळवणार होते. मी म्हटले, "लुसेट, ती मुलं मला रोज सकाळी दिसतात गं."

"दिसू देत. मलाही दिसतात," ती म्हणाली. तिने माझा हात धरला नाही. तिने धरावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मग मी विचारले, "हातोडी खाली ठेवली तर मी बसू कुठं? उजवीकडचे मला बोलावतील, आणि तिकडे मला जायचं नाही. तो जॉन क्विन्सी ॲडम्स बघ, राष्ट्राध्यक्ष होऊन गेल्यावर सतरा वर्षं प्रतिनिधिगृहात साधा..."

"इतिहास पुरे कर," लुसेट म्हणाली. "डावीकडे खिडकीपाशी रॉसची जागा आहे. तो गेल्यापासून रिकामीच आहे. उशी घरून आण, बाक टणक आहे."

रॉस म्हणजे तिचा नवरा. शाळेच्या ठरावाच्या वेळी तो तिच्या शेजारीच बसून ओरडला होता, हे तिने मला काल सांगितले. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्याचा आवाज मी शेवटचा कधी ऐकला ते मला आठवत नाही.

तेव्हा, हातोडीची व्यवस्था अशी: या मृत्युपत्रात ती कोणालाही दिलेली नाही. येत्या मंगळवारी, चार मार्चला, सभा सुरू व्हायच्या आधी मी ती टेबलावर ठेवीन, ती गावाची. कोणी माझे नाव सुचवले तर आमच्याच डोंगरातल्या राष्ट्राध्यक्ष कूलिजने वार्ताहरांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या होत्या तशी एक चिठ्ठी ऑरिनच्या हातात देईन. तिच्यावर एवढेच असेल: मला उभे राहायचे नाही. कोणाला निवडायचे हे मी सुचवणार नाही, भुवईसुद्धा उचलणार नाही. हे सर्वांत अवघड जाईल.

कलम सहावे. घर आणि वरचे कुरण ईस्ट कॉर्बी गावाला. "शाळेसाठीच" ही अट मी काढली, कारण लुसेट म्हणाली, "मेल्यावरही सभा तूच चालवणार का?" शाळा करा, खेळायची जागा करा, विका. एक अट तेवढी ठेवू दे म्हणून मी तिच्याकडे हट्ट धरला आणि तिने ती ठेवू दिली. ती अशी: या जागेचा निर्णय आवाजावर घेऊ नये. दोन्ही बाजूंच्या बाकांवरून फिरून, एकेक डोके मोजून घ्यावा.

वरील सर्व मी वाचले, मला समजले, आणि ते माझेच आहे. वॉशिंग्टनची बशी काल संध्याकाळी परत भिंतीवर लावली. ती वाचनालयाला जाईपर्यंत मला तिच्याकडे बघावे लागेल.

ईस्ट कॉर्बी, व्हर्मॉन्ट
बुधवार, २६ फेब्रुवारी २०२५

(सही) व्हर्ना एडिथ हॅझेल्टन

साक्षीदार पहिला: ऑरिन पेल्की, गावकारकून. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कारणे लिहू नका असे मी सांगितले होते, याची नोंद व्हावी.

साक्षीदार दुसरी: लुसेट थिबो. बाई शुद्धीवर होती. मला यातून काही मिळत नाही, मी दोनदा वाचून बघितलं. मंगळवारी रॉसच्या जागेवर तिला बसवीन आणि मी तिच्या उजव्या बाजूला बसेन, चांगला कान तिकडे आहे.