हसण्याचं कारण

ता. ६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छापखान्यातून रजा मिळाली आणि मी या वयात पुन्हा बाकावर बसले. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं मलाच शिक्षिका समजून उभी राहिली! गद्यकथा शिकवायला कॅरिबियन बेटांवरच्या एक कादंबरीकार बाई आल्या आहेत. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरची झोप उडावी. त्यांचीच कादंबरी पुढ्यात ठेवून त्या कथानक, पात्रचित्रण, निवेदक असं एकेक सोलून दाखवतात. निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे तर इतक्यांदा बजावलंय, की आता शेजारीण कोणाची चुगली घेऊन आली तर मी मनात म्हणते, हिचा दृष्टिकोन मर्यादित आहे.

काल एक मुलगा हटून बसला. कादंबरीतली आई घर सोडताना गाणं म्हणते हे पटत नाही, माणसं अशी वागत नाहीत, म्हणे. मला राहवलं नाही. माणसं याहून विचित्र वागतात हे मी पुराव्यानिशी पटवून दिलं. बाईंनी मान डोलावली. मी दिवसभर तरंगत होते.

डोळ्यांना जप. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी धाकटी

ता. १४ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आमच्या चष्म्याच्या दुकानातही दृष्टिकोनाचंच काम चालतं गं, फक्त काच बसवून. एक आजोबा रोज येतात, नवीन चष्म्यातून सून जास्तच खवट दिसते अशी तक्रार घेऊन.

पोटची लेक असून ठकी फोन उचलते, हो-नाही म्हणते, ठेवून देते. तिच्या आजीनं तिच्या कानात काय ओतलं ते मला ठाऊक आहे. पण पोर विचारत नाही आणि माझी जीभ रेटत नाही. तू तिच्याच शहरात आहेस, तर ने तिला कुठेतरी. मावशीपाशी तरी मोकळी होईल.

पत्राला उशीर करू नकोस, जीव टांगणीला लागतो.

ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, खाली बसून वाच. फोनवर हे सांगायचा धीर झाला नाही.

काल बाईंचं जाहीर वाचन होतं. नव्या कादंबरीतलं प्रकरण. मी हौसेनं ठकीला घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसलो. बाईंनी वाचायला सुरुवात केली. एक बाई शर्टाला इस्त्री करतेय. दारात पोलीस येतो, नवरा नदीत बुडाला म्हणून सांगतो. ती हसायला लागते, आणि हसतच राहते. इस्त्रीखाली शर्ट करपतो, धूर निघतो, सासू किंचाळते, तरी हिचं हसू थांबत नाही.

वर्गात मी पुरावा म्हणून सांगितला होता तो तुझा हाच प्रसंग, ताई. नाव घेतलं नव्हतं, पण करपलेला शर्टसुद्धा सांगितला होता. आणि पुढे बाईंनी वाचलं, की ती हसली कारण तिला तो नवरा नकोसा झाला होता; एकदाची सुटले, असं तिला वाटलं.

टाळ्या पडल्या. ठकी पांढरीफटक पडली होती. एवढंच म्हणाली, की आजी खरंच सांगत होती तर. आणि उठून गेली. मी मागे धावले, पण ती बसमध्ये चढली होती.

मला शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.

तुझी धाकटी

ता. ९ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दुकानातल्या स्टुलावर मटकन बसले. मालकांनी पाणी आणून दिलं. माझ्या आयुष्यातला तो क्षण लोकांनी तिकीट काढून ऐकला, आणि माझी लेक पहिल्या रांगेत! संताप संताप झाला. पण त्याहून मोठा धक्का वेगळाच बसला. इतक्या वर्षांत मी का हसले हे मला कोणी विचारलंच नाही. सासूबाईंनी कारण ठरवलं, त्या बाईंनी ठरवलं, आणि धाकटे, तूसुद्धा मनात काहीतरी ठरवलंच असशील.

मग ऐक. त्या सकाळी खोलीतला दिवा गेला होता. यांना नदीपलीकडे मोजणीच्या कामावर जायची घाई. अंधारात एका पायात काळा बूट चढवला, दुसऱ्यात तपकिरी. मी दारात पाहिलं आणि मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, दिवसभर लोकांत मिरवू देत, संध्याकाळी फजिती ऐकू. दिवसभर ते हसू पोटात धरून होते मी. पोलीस आला. बिचाऱ्याला कसं सांगावं कळेना. त्यानं आधी एवढंच विचारलं, की एक काळा आणि एक तपकिरी बूट घालणारे गृहस्थ इथलेच का? मला हसू फुटलं. होडी उलटून ते बुडाले हे त्यानं त्यानंतर सांगितलं. तोवर हसू माझ्या हातात राहिलं नव्हतं.

सुटले म्हणे! अजून कोणाच्या बुटांचा आवाज जिन्यात आला की मी मान वर करते.

हे तुझ्यापाशी ठेव. त्या बाईंना द्यायचं नाही. ठकीला सांगायचं माझं मी बघते.

ताई

ता. २० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंच्या खोलीत गेले. प्रकरणातली ती बाई माझी बहीण आहे आणि वाचनाला माझ्या शेजारी तिची लेक बसली होती, हे सांगितल्यावर त्यांच्या हातातला चष्मा खाली पडला. मला वाटलं होतं, लेखकाच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान देतील. त्यांनी वाकून चष्मा उचलला. मग म्हणाल्या, की त्यांच्या बेटावरही त्यांच्या आईची गोष्ट परक्यांनीच लिहिली, म्हणून तर त्या लिहू लागल्या. आणि आता त्यांनीही तेच केलं. प्रकरण काढून टाकते म्हणाल्या.

मी निघाले, तर दारापर्यंत आल्या. मग ती हसली तरी का, असं अगदी लहान आवाजात विचारलं. मी म्हटलं, ते तिचं तिला ठाऊक. ताई, एवढ्या मोठ्या बाईंकडे मी पाठ फिरवली.

ठकी माझा फोन घेत नाही. तू काय केलंस?

तुझी धाकटी

ता. ३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मी काही करायच्या आत तीच आली. न कळवता, बॅग घेऊन, भांडायच्या तयारीनं. मी तिला बसवलं आणि दिवा गेला होता तिथपासून सगळं सांगितलं. ती रडेल, उठून जाईल, खोटं म्हणेल, सगळं मनात येऊन गेलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, जशी कोणी अनोळखी बाई पाहावी.

मग म्हणाली, बाबा माझे कोणीच नव्हते गं, नुसता भिंतीवरचा फोटो होता. आणि विचारायला लागली. ते चिडले की कसे दिसायचे. शिट्टी वाजवायचे का. मला उचलून घ्यायचे का. मी सांगतेय आणि ती पुढचं विचारतेय. परतीची बस चुकली, तरी तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही. आत्ता आतल्या खोलीत झोपलीये.

सवडीनं ये. रागाचा शेवटचा घास अजून गिळायचा आहे, तो तू समोर बसल्यावर गिळीन.

तुझीच,
ताई