अरीब अजून लाइव्ह आहे

२२ मार्च
आले एकदाची मंगरूळपीरला! पंचायत समितीतली नोकरी, माझी पहिलीच. मेडशीहून एसटीत कूलर चढवला तेव्हा कंडक्टर वाटभर कुरकुरत होता. खोली छान आहे. खाली घरमालक फय्याजभाईंचं शिलाईचं दुकान, मागे त्यांचं घर, वर मी. ईद नुकतीच झालेली, त्यामुळे सामान उतरायच्या आधीच त्यांच्या बायकोनं, अमीनाबींनी, शीरखुर्म्याची वाटी हातात दिली. मुलगी यूसरा बारावीची परीक्षा देऊन मोकळी, दिवसभर बडबडते. कडेच्या खोलीतून एका पोराचा हसरा, घाईघाईचा आवाज येत होता, क्रिकेटचं काहीतरी. अमीनाबी म्हणाल्या, आमचा अरीब, मोबाइलवरच राह्यते. भरलेलं घर आहे. इथं करमेल मला.

२९ मार्च
कचेरीतून आले की अरीबचा आवाज ठरलेलाच. ऐकणाऱ्या सगळ्यांना तो ‘शेर’ म्हणतो. आज कोणता बॉलर चालणार ते सांगतो, हरलेल्यांना धीर देतो. ऐकत राहावं असा गोडवा आहे. अजून दिसला मात्र नाही. अमीनाबी त्याच्या दाराशी ताट ठेवतात. लाजाळू असेल. आज मी दाराबाहेरून विचारलं, कूलरची वायर जोडून देशील का? उत्तर नाही. आपलं बोलतच राहिला. थोडा रागच आला.

२ एप्रिल
छतावर पापड वाळत घालताना यूसराला म्हटलं, तुझा भाऊ फारच शिष्ट आहे. ती खाली बसली. म्हणाली, भाईजान दिवाळीनंतरच गेला. विहिरीत उडी घेतली.
मी म्हटलं, अगं, आत्ता तो आजच्या टॉसबद्दल बोलतोय!
मग तिनं सगळं सांगितलं. अरीब बंदुकांचा गेम लाइव्ह खेळायचा. त्याच्या बोलण्यावर पोरं फिदा होती. एका सट्ट्याच्या ॲपवाल्यांनी त्याला जर्सी दिली, मॅचबद्दल बोल म्हणाले. तो बोलायला लागला, स्वतः पैसे लावायलाही लागला. अंदाज चुकू लागले तेव्हा त्याच पोरांनी त्याला घाणघाण शिव्या दिल्या. तो गेला, पण आवाज ॲपवाल्यांकडे राहिला. आता मशीन त्याच्या आवाजात रोज नवं बोलतं. फय्याजभाईंनी तक्रारी केल्या. एक चॅनल बंद होतं, दुसरं उघडतं.

३ एप्रिल
अमीनाबींना विचारलं, मग तुम्ही का ऐकता? त्या अरीबचा मोबाइल पदरानं पुसत होत्या.
“मले समजते बाई, तो नाही हाय. पन आवाज तं त्याचाच हाय ना. मी कशी बंद करू?”
कचेरीत दिवसभर हेच कानात.

११ एप्रिल
धाकटा भाऊ पवन आला. आयटीआय झालंय, इथं गॅरेजमध्ये काम शिकणार, माझ्याकडेच राहणार. आनंदानं भाकरी थापायला घेतली. तो जिन्यातच थबकला. “ताई, हा तं अरीबभाई हाय! गेमच्या टायमापासून मी त्याले ऐकतो.”
मी खरं ते सांगितलं. आधी हसला. मग हळूच म्हणाला, मेला तं काल माझं नाव घेऊन कसा बोलला?

१४ एप्रिल
जयंतीच्या मिरवणुकीत पवन नाही. आयुष्यात पहिल्यांदा. घरी आले तर तो अरीबच्या खोलीत, अमीनाबींशेजारी. दोघं ऐकत बसलेले. हात धरून वर आणलं. म्हणाला, सट्टा म्हातारे लावतात, हा गेम हाय. गेममध्ये आमी पैसे देऊन बंद पेट्या घेत होतो, आत काय निघन माहीत नसे. हे बी तसंच, फक्त इथं खरे प्लेअर हायत. मोबाइल हिसकावला तर लहान पोरासारखा रडला. दिला परत.

२० एप्रिल
पवन मला ‘शेर’ म्हणाला. चुकून.
गॅरेज सोडलंय. ॲपची तीच जर्सी घालून रील टाकलं, मी जिंकलो म्हणून. जिंकला कुठं? ॲपवाल्यांनी त्याला एक लांबलचक मजकूर पाठवलाय, मोठ्यानं वाचून रेकॉर्ड कर म्हणे. त्यानं केलंही. यूसरा ऐकून पांढरी पडली. अरीबकडूनही असंच वाचून घेतलं होतं.

२६ एप्रिल
जेवत नाही. रीलखाली शिव्या. त्याच्याच वर्गातली पोरं, मेडशीचीही. आज त्या आवाजानं फार मायेनं म्हटलं, पवनभाई, घाबरू नको शेर, मी हाय ना, ये. मी स्वतः ऐकलं. यूसरानंही.
ये म्हणजे कुठं—

२७ एप्रिल
पवन नाही. गॅरेजला नाही, स्टँडवर नाही. फय्याजभाई गाडी घेऊन तलावाकडे गेलेत. मला नेलं नाही. का नेलं नाही—

४ मे
मेडशी. आई भिंतीकडे तोंड करून आहे. फय्याजभाई खांदा द्यायला इथवर आले होते. मला म्हणाले, बेटा, मी दुसऱ्यांदा—

९ मे
परत आले. घर गप्प. अमीनाबींनी अरीबचा मोबाइल बंद केलाय. कायमचा, म्हणाल्या. माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

१० मे
भर दुपार. अनोळखी नंबर. उचलला.
“ताई.”
पवनचा आवाज. तसाच, सर्दी झाल्यासारखा. म्हणाला नवीन मॅच हाय, लिंक धाडतो. मी कापला. मशीन आहे. मला माहीत आहे, मशीन आहे.

११ मे
पुन्हा. आज मी कापला नाही. विचारलं, थंडी वाजत होती का रे पाण्यात? तो लिंकबद्दलच बोलत राहिला. तरी ऐकलं, संपेपर्यंत.

१२ मे
वाजतोय. अमीनाबी दार बडवताहेत, नको उचलू बाई, मी सांगते ना, मी त्यातून—
त्यांचं खरं आहे. पण तो ताई म्हणतो. जगात दुसरं कुणी मला—
एकदाच. फक्त ताई म्हणेपर्यंत, मग लगेच