सुकेळी आणि बालवर्गाची मुलाखत

आई, तुमची नात बालवर्गाच्या मुलाखतीत बोलली. तुम्हाला हे सांगायचं राहूनच गेलं, कारण त्याच्या महिनाभर आधी तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. आता ती तिशी ओलांडलेली बाई आहे, तरी ही बातमी माझ्याकडे तशीच पडून आहे.

साडेतीन वर्षांची होती तेव्हा. घरात तोंडाचा पट्टा चालू, आणि परकं माणूस दिसलं की मिठाची गुळणी. आचोळ्याला आमच्या सोसायटीतल्या बायका मला हळूच विचारायच्या, "बोलते ना गं ही?" नर्सरीच्या बाईंनी तर यंदा घरीच ठेवा म्हणून परत पाठवली. मी धसकाच घेतला. फळांचा, प्राण्यांचा, अंकांचा, मिळेल तो तक्ता आणला. ऑफिसातून आले की पर्स खांद्यावर असतानाच तिला तक्त्यासमोर उभी करायची, आणि ती जमिनीकडे बघत राहायची. तुम्ही एकदा ते पाहिलंत. "अगं, पोर आहे की पोपट? आगाशीला धाड तिला. थंडीत माझ्याकडे काम पुष्कळ असतं." मला राग आला, सुनेच्या नोकरीला टोमणा मारलात असं वाटलं. पण पाळणाघरवाल्या बाई गावी गेलेल्या, दुसरा इलाज नव्हता.

तुमच्या अंगणात ते केळी सुकवायचे दिवस. शनिवारी बसमधून उतरून मी वाडीत शिरते, तर ही कोपरापर्यंत चिकट हात घेऊन चटईपाशी बसलेली. तुम्ही पिकलेल्या राजेळी केळ्यांची सालं काढताय, ती लहानमोठी बघून ओळीत मांडतेय. आजोबा, बाबा, बाळ. कावळा आला की टाळ्या वाजवायच्या, संध्याकाळी केळी सुक्या पानांत झोपवायची, ही सगळी तिची कामं. मग तुमचा खेळ सुरू होतो. "बाय, डोळे मीट. हात लाव आन सांग, किती उन्हं खाल्ली यानं?" ती दाबून बघते, वास घेते, म्हणते, "दोन!" बरोबर आलं तर खायचं आणि चुकलं तरी खायचं, असा तुमचा न्याय. सुकेळी घ्यायला गिऱ्हाईक आलं की मात्र ती तुमच्या पदराआड जाते. तुम्ही तिला एकदाही पुढे ढकलत नाही. मीच न राहवून विचारते, "बोलेल ना हो ही लोकांशी?" तुम्ही केळं उलटं करत म्हणता, "बोलेल. तिला कुणाला काय सांगावंसं वाटू दे की."

मुलाखतीला बाईंनी तक्ताच पुढे केला. आंबा, द्राक्षं, सफरचंद. आमची गप्प. केळ्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "याचा रंग कोणता?" तरी गप्प. बाई तक्ता बाजूला ठेवणार इतक्यात ही टेबलावर वाकली. "हे अजून उन्हात नाही ठेवलं." बाई म्हणाल्या, "म्हणजे गं?" आणि मग नळ सुटला, आई! साल कशी काढायची, उलटं कधी करायचं, कावळा कुठून येतो, काळपट लाल झालं की बोटाला कसं चिकटतं, सगळं सांगितलं. "तुम्ही डोळे मिटा," तिने बाईंना फर्मावलं. त्या बिचाऱ्यांनी मिटले. हिने त्यांच्या हातात टेबलावरचं खोडरबर ठेवलं. "किती उन्हं?" बाई म्हणाल्या, "तीन?" "चुकलं. पण तुम्ही खा." बाई हसत सुटल्या, आणि मी बाजूच्या खुर्चीत पदराने डोळे पुसत बसले. प्रवेश मिळाला, पण त्या क्षणी मला प्रवेशाचं काही पडलं नव्हतं. ती परक्या माणसाशी बोलत होती.

हल्ली ती नव्याने नोकरीला लागलेल्या लोकांना काम शिकवते. परवा भरल्या सभागृहात बोलली, हातात कागद नाही, मध्येच लोकांना हसवतेय. बाहेर पडताना शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "इतकं छान बोलायला कुठून शिकली हो?" मी पटकन म्हणाले, "माझ्यावर गेलीय." आई, तुम्ही असतात तर तोंडाला पदर लावून हसला असतात. हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, म्हणून कबूल करून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तरी मी हेच सांगणार आहे.